बाळू पालवणकर : गोलंदाज आणि उमेदवार

१९३७ साली मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली. मुंबई शहरातल्या एका राखीव जागेचा निकाल असा लागला : डॉ. भीमराव आंबेडकर १३,२४५ मते, पी. बाळू ११,२२५ मते. फरक २,०२० चा. बाबासाहेब निवडून आले. ही ओळ बाबासाहेबांच्या चरित्रात आपण वाचतो आणि पुढे जातो. पण मंडळी, स्वतंत्र मजूर पक्षाचा संस्थापक, दोन-दोन परदेशी विद्यापीठांचा पंडित, अस्पृश्य समाजाचा निर्विवाद पुढारी, अशा माणसासमोर उभं राहून ११ हजारांवर मते घेणारा हा 'पी. बाळू' कोण, असा प्रश्न कुणाला पडत कसा नाही?

काँग्रेसचा उमेदवार होता हे खरं, आणि त्या काळी काँग्रेसचं तिकीट म्हणजे मोठा आधार होता हेही खरं. पण काँग्रेसने त्यांनाच का निवडलं? तर तो माणूस मुंबईतल्या पोराटोरांनाही ठाऊक होता म्हणून. पी. बाळू म्हणजे बाळू पालवणकर, आपल्या देशाचे पहिले मोठे गोलंदाज. त्यांची खेळाची कारकीर्द संपून तेव्हा १६ वर्षं झाली होती, वय ६१ च्या घरात होतं.

मी शाळेत मराठी शिकवलं, इतिहास वाचला तो हौसेने. क्रिकेटशी माझा संबंध बाळ ज. पंडितांच्या रेडिओवरच्या मराठी समालोचनापुरता. तेही ज्याच्या घरी ट्रान्झिस्टर असेल त्याच्या ओट्यावर बसून ऐकायचं. तेव्हा खेळातल्या बारकाव्यांबद्दल मी अधिकारवाणीने काही सांगणार नाही. मला या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. आपण सगळेच सहजपणे म्हणतो की "खेळात जात नसते, तिथे फक्त गुण चालतो." बक्षीस समारंभात पाहुणे हे वाक्य हमखास म्हणतात, मीही पस्तीस वर्षांत कितीतरी वेळा ऐकलं. बाळूंच्या आयुष्यावर हे वाक्य घासून पाहावं असं बरेच दिवस मनात होतं.

बाळूचा जन्म १९ मार्च १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळ रत्नागिरीकडच्या पालवण गावचं, म्हणून पालवणकर. जात चर्मकार. वडील पुण्यात लष्करी खात्यात होते. छावणीतले गोरे अधिकारी खेळून झालं की जुन्या बॅटी, फाटके चेंडू टाकून द्यायचे, त्यावर बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. (लहानपणच्या बाळूला मी एकेरीत लिहितोय. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे, पण ते कुणाला कधी मिळायचं हे व्याकरणाच्या पुस्तकात नव्हतं. त्या काळच्या वर्तमानपत्रांतही देवधर हे 'प्रो. देवधर' असत आणि बाळू नुसता 'बाळू' असे. थोडा धीर धरा, आपण त्यांना बहुवचन देऊच.)

पोराला पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या पारशांच्या एका क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, सभासदांना सरावाला अधूनमधून चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. मग १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेला, तिथे १ रुपया जास्त. काम तेच, शिवाय जाळी लावणं आणि टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा आखणं. तिथेच त्याच्या डाव्या हाताची करामत कुणाच्या तरी लक्षात आली आणि तो साहेबांना रोज तासन्‌तास चेंडू टाकू लागला.

त्या साहेबांत एक होते कॅप्टन जे. जी. ग्रेग. आपल्याकडच्या प्रेक्षकांनी 'जॉन ग्रेग'चं 'जंगली' करून टाकलं आणि ते नाव त्यांना चिकटलं. फलंदाज मात्र अव्वल होते. (पुढे हे गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू झाले, माणसाचं काही सांगता येत नाही.) ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचे आणि बाळूला गोलंदाजी करायला लावायचे. आपल्याला बाद केलंस तर दर वेळी ८ आणे, असा त्यांनी सौदा केला होता अशी आख्यायिका आहे. महिन्याला ४ रुपये मिळवणाऱ्या पोराला ८ आणे म्हणजे काय हे हिशेब करून पाहा. आठवड्यातून दोनदा साहेबाचा त्रिफळा उडवला की पगार दुप्पट! आख्यायिका खरी असो वा नसो, बाळूची गोलंदाजी त्या सकाळच्या तासांत घडली एवढं नक्की. चेंडू कुठे टाकायचा, किती वळवायचा, हे पुस्तकातून नाही, एका चांगल्या फलंदाजाला रोज शेकडो चेंडू टाकून तो शिकला.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. इतकी वर्षं त्या क्लबात राबून बाळूला एकदाही बॅट हातात मिळाली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकरांची. गोलंदाजीत घाम असतो, पळापळ असते, म्हणून ती हलक्यांची. या बाबतीत विलायती साहेब आणि आपले सनातनी यांचं एकमत होतं.

पुण्यातल्या हिंदूंनाही आपला संघ उभारून साहेबांशी सामने खेळायचे होते. बाळूचा बोलबाला त्यांच्या कानावर होताच. आता पंचाईत अशी की मुलगा चर्मकाराचा. संघातल्या तेलुगू खेळाडूंची हरकत नव्हती, ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. शेवटी ग्रेग यांनीच जाहीरपणे बोलून दाखवलं की जातीपायी असा गोलंदाज बाहेर ठेवाल तर मूर्ख ठराल. प्रतिस्पर्धी संघाच्या माणसाने हे सांगावं लागलं! अखेर बाळू संघात आला.

मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत होते. बाळूने टाकलेला चेंडू झेलून परत त्याच्याच हातात देताना कुणाला विटाळ झाला नाही. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे आत तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, पिऊन फेकून द्यायच्या. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हातपाय धुवायचे तर पाणी घालायला अस्पृश्य नोकर, तोही एका कोपऱ्यात. म्हणजे चामड्याचा चेंडू शिवलेला चालत होता, तो टाकणाऱ्याने कपाला लावलेला ओठ चालत नव्हता.

तरुण वाचकांना हे १०० वर्षांपूर्वीचं वाटेल. आपल्या खानदेशातल्या एका गावात (गावाचं नाव लिहीत नाही) मी सत्तरच्या दशकात नोकरीला लागलो, तेव्हा शाळेच्या रांजणाशी काही मुलं ओंजळ धरून उभी राहायची आणि दुसरी मुलं वरून पाणी ओतायची. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, मुलांनी घरून पाहून आणलेलं होतं. आमच्या मुख्याध्यापकांनी त्यावर भाषण दिलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी रांजण काढून टाकला आणि भिंतीला नळ लावून घेतला. जूनमध्ये सगळी पोरं एकाच तोटीला तोंड लावून पाणी पिऊ लागली. असो. बाळूंकडे वळू.

या पुण्याच्या हिंदू संघाचा एक सामना साताऱ्याला झाला, तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी. साताऱ्याच्या साहेबांनी बाळूची धास्ती घेऊन आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती सपाट करवून घेतली, चेंडू वळूच नये म्हणून. तरी बाळूने ७ गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. पुण्याला परतल्यावर सत्कार झाला, न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूला हार घातला आणि संघातल्या मंडळींना सुनावलं की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहा प्यायला आणि जेवायला काय हरकत आहे? रानडे १९०१ साली वारले, म्हणजे ही गोष्ट त्याआधीची. सुधारक होते, बोलले. पण वाक्य नीट पाहिलंत का? बाळूने ७ गडी घेतले नसते तर हे वाक्य बोलायची वेळ आली नसती. चहाचा कप मिळवायला ७ बळी द्यावे लागले. संघातल्या अकराव्या, सुमार खेळाडूला मात्र तो कप जन्मतःच मिळालेला होता.

१८९६ च्या प्लेगने पुणं उठलं, पालवणकर कुटुंब मुंबईला आलं. बाळूंना बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. (आमच्या नंदुरबारवरून जाणारी ताप्ती व्हॅलीची गाडीही याच कंपनीच्या ताब्यात असायची.) मुंबईच्या हिंदू जिमखान्यात पुन्हा तेच : घ्यायचं की नाही? तिथल्या काही सभासदांनी कुरकुर केली, कप्तान कीर्तिकरांनी समजूत घातली, बाळू आत आले. इथे मात्र पुण्यापेक्षा बरं चित्र होतं. आधी चहा, मग जेवण, असे पंगतीचे बंध हळूहळू सैल झाले. मुंबई काय, पोटापाण्याचं शहर. तिथे लोकलच्या डब्यात शेजारी कोण बसलाय हे विचारत बसलं तर गाडी निघून जाते.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. वंगभंगाची चळवळ ताजी होती, तेव्हा या सामन्याला नुसत्या सामन्याचं रूप राहिलं नव्हतं. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बेरीज-वजाबाकी करून पाहा, १०९ धावांनी विजय. बाळूंनी पहिल्या डावात ३ आणि दुसऱ्यात ५ गडी घेतले. राज्यकर्त्यांना हरवणाऱ्या त्या संघाचा कणा एक चर्मकार होता, ही गोष्ट तेव्हाच्या सुधारक पत्रांच्याही नजरेतून सुटली नाही. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने या विजयाचं श्रेय जातिबंधन मोडण्याला दिलं. इथून पुढे मी बाळूंना बहुवचनातच लिहीन.

मग आलं १९११. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या हिंदुस्थानचा म्हणता येईल असा पहिला संघ विलायतेला गेला. महाराज १९ वर्षांचे. त्या वर्षी पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहण सोहळा होता, त्यामुळे महाराज मेजवान्यांत जास्त आणि मैदानात कमी दिसले. संघाची कामगिरी यथातथाच झाली, २३ सामन्यांपैकी जिंकले ६ आणि हरले १५. पण या पडझडीत बाळूंनी ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४. त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी घेतले. आणि हे सगळं खांदा दुखत असताना, वयाच्या ३५ व्या वर्षी, पहिल्यांदाच पाहिलेल्या इंग्लिश खेळपट्ट्यांवर. धाकटे शिवरामही त्या संघात होते. सॉमरसेटविरुद्ध अवघ्या एका गड्याने जिंकलेल्या सामन्यात त्यांनी नाबाद शतक ठोकलं. म्हणजे राजाच्या नेतृत्वाखालच्या संघाची लाज राखली ती चर्मकाराच्या दोन मुलांनी.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार झाला, त्यांना मानपत्र देण्यात आलं. ते मानपत्र तयार करण्यात एल्फिन्स्टन कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याचा हात होता. वय वीस, नाव भीमराव रामजी आंबेडकर. अजून बी. ए. व्हायचे होते, अमेरिका वगैरे सगळं पुढे होतं. त्या तरुणाला बाळूंचा किती अभिमान वाटत असेल हे समजायला फार कल्पना लढवावी लागत नाही. 'आपल्यातला' माणूस विलायतेत जाऊन साहेबांना चकवून आला होता! २६ वर्षांनंतरची निवडणूक वाचताना हे मानपत्र मला आठवल्याशिवाय राहत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चहा मिळाला, जेवण मिळालं, मानपत्र मिळालं. कप्तानपद मिळालं का?

नाही. १९०७ पासून तिरंगी आणि १९१२ पासून चौरंगी सामने सुरू झाले : हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन. हिंदू संघात सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू. कप्तान मात्र दरवर्षी दुसराच कुणीतरी, आणि तो दरवर्षी उच्चवर्णीय. कारण काय दिलं जाई? शिक्षण, सामाजिक दर्जा, साहेबांशी इंग्रजीत बोलावं लागतं, वगैरे. बाळू काही बोलले नाहीत. त्यांचा स्वभाव तसा नव्हता. चेंडू टाकत राहिले. त्यांची प्रथम दर्जाची एकूण कमाई ३३ सामने, १७९ गडी, सरासरी १५.२१. गुणांचाच प्रश्न होता तर उत्तर या आकड्यांत आहे.

१९२० साली गोष्टी हातघाईवर आल्या. बाळूंचं वय झालं होतं, ४४. त्यांना सुरुवातीला संघातूनच वगळलं. कप्तान एम. डी. पै काही कारणाने पहिल्या सामन्याला नव्हते, आणि त्यांच्या जागी नेमणूक झाली ती पुण्याच्या दि. ब. देवधरांची. देवधर मोठे खेळाडू, यात वाद नाही. संस्कृतचे प्राध्यापक, वयाची शंभरी पार केलेले, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तेव्हा ते २८ वर्षांचे होते आणि शिवराम व विठ्ठल पालवणकर त्यांना कितीतरी ज्येष्ठ. दोघा भावांनी संघातून माघार घेतली. नुसती घेतली नाही तर जाहीर पत्रक काढून कारण सांगितलं : आम्हाला डावललं ते आमच्या जातीमुळे, आणि हा अपमान आम्ही सोसणार नाही.

ही माघार म्हणजे या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोठी खेळी, असं माझं मत आहे. इतकी वर्षं जे ७ गडींनी आणि ११४ गडींनी साधलं नव्हतं ते या न खेळण्याने साधलं. वर्तमानपत्रांत चर्चा पेटली. पुढच्या सामन्याला पै परतले, भाऊ परतले, आणि बाळूंनाही बोलावून उपकप्तान केलं. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचं नेतृत्व बाळूंनी केलं. एका माणसाला आयुष्यात एवढंच कप्तानपद मिळालं, पण दुसरा कुणीतरी तंबूत बसलेला असताना.

तो बाळूंचा शेवटचा हंगाम. मग १९२३ साली धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. गांधीजींची अस्पृश्यतानिवारणाची हाक तेव्हा ताजी होती, तिचाही यात वाटा आहे, तो नाकारायचं कारण नाही. दोन्ही गोष्टी लागल्या. पण वार सुरू झाला तो भावांच्या माघारीपासून. विठ्ठलरावांनी पुढे १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. खेळाडूंची आत्मचरित्रं दुसऱ्याने लिहून देण्याच्या आधीच्या काळातलं ते पुस्तक आहे. त्याची नवी आवृत्ती कुणी काढली तर फार बरं होईल.

निवृत्त खेळाडू करतो काय? आज समालोचन करतो, जाहिरात करतो, निवडसमितीत जातो. तेव्हा यातलं काहीच नव्हतं, नियामक मंडळसुद्धा १९२८ सालचं. बाळूंजवळ होती ती फक्त लोकांची ओळख. ते सार्वजनिक कामाकडे वळले. गांधीजींवर श्रद्धा, सवर्ण समाजाचं मन हळूहळू बदलेल यावर विश्वास. हा विश्वास कुठून आला हे कळायला अवघड नाही. त्यांनी आपल्या डोळ्यांनी तो बदल पाहिला होता. मातीच्या भांड्यापासून चिनी कपापर्यंत, कपापासून पंगतीपर्यंत. त्यांच्या बाबतीत ते झालं होतं.

१९३२ हे वर्ष पाहा. जूनमध्ये लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला, कप्तान सी. के. नायडू. बाळू तेव्हा ५६ वर्षांचे, कसोटी त्यांच्या नशिबात नव्हती. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा आला. त्याने अस्पृश्यांना ७१ जागा आणि वेगळा मतदारसंघ दिला, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी त्यांनीच निवडायचा. बाबासाहेबांना तेच हवं होतं. गांधीजींनी त्याविरुद्ध येरवड्यात उपोषण मांडलं. बाळूंचं मत संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचं, मद्रासच्या एम. सी. राजांबरोबर. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. वेगळे मतदारसंघ गेले, राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. त्या करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि पी. बाळू यांचीही.

वर्षभराने, १९३३ मध्ये, बाळू मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला हिंदुमहासभेतर्फे उभे राहिले आणि पडले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात, म्हणजे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, बाबासाहेबांनी घोषणा केली की मी हिंदू म्हणून मरणार नाही. बाळूंनी त्या विचाराला उघड विरोध केला. दोन वाटा आता पुरत्या फुटल्या.

आणि मग ती १९३७ ची निवडणूक. पुणे करारानुसार संयुक्त मतदारसंघ होता, म्हणजे राखीव जागेसाठीही सवर्णांची मतं चालणार. बाबासाहेबांची भीती नेमकी हीच होती : सवर्णांना जो सोयीचा, जो कमी टोचणारा, तोच निवडून येईल. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले बाळू, सगळ्या जातींच्या हिंदूंनी टाळ्या वाजवलेला माणूस. दोघांनी मिळून ज्या कागदावर सही केली त्यानेच दोघांना समोरासमोर आणलं.

काहीजण बाळूंना यासाठी दूषणं देतात. वापरले गेले, म्हणतात. वापरले गेले हे मलाही वाटतं, काँग्रेसचा डाव उघड दिसतो. पण त्यांना स्वतःचं मत नव्हतं असं समजणं म्हणजे त्यांचा पुन्हा एकदा अपमान करणं आहे. पूना क्लबात रोलर ओढणाऱ्या पोराला जगाने जे हळूहळू दिलं त्यावरून त्यांनी आपलं मत बनवलं. बाबासाहेबांनी आपलं मत बनवलं ते ज्यांच्याकडे डावा हात नव्हता त्या लाखोंकडे पाहून. ज्याला चेंडू वळवता येत नाही त्याने कप कसा मिळवायचा? या प्रश्नाला बाळूंच्या वाटेवर उत्तर नाही. खुद्द बाळूंच्या घरातलं उत्तर १९२० साली शिवराम आणि विठ्ठल यांनी दिलं होतं, तेही रानड्यांच्या नाही, बाबासाहेबांच्या वळणाचं. एकाच घरात दोन्ही वाटा होत्या, हे मला या पालवणकरांचं वेगळेपण वाटतं. मतदारांनी २,०२० मतांनी काय तो निकाल दिला, आणि मी तिथे असतो तर माझं मत कुठे पडलं असतं हे या परिच्छेदावरून वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

बक्षीस समारंभातल्या त्या वाक्याचं म्हणाल तर ते मैदानाच्या आखलेल्या रेषेच्या आत बऱ्यापैकी खरं ठरतं. चेंडू कुणाचंही ऐकत नाही. पण संघ कोण निवडतो, कप्तान कोण ठरवतो, चहा कुठे मांडतात, हे सगळं रेषेच्या बाहेर होतं. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडची पोरं डोंगरात अनवाणी धावतात ती पाहिली की त्यांच्या पायात काय बळ आहे हे कुणालाही दिसतं. ती जिल्ह्याच्या स्पर्धेला येणार कुणाच्या पैशाने, मुक्काम कुठे करणार, निवडीच्या यादीवर सही कुणाची, हे विचारणारे फार थोडे भेटले मला इतक्या वर्षांत.

रणजींच्या नावाने स्पर्धा आहे, विजय हजाऱ्यांच्या नावाने आहे, देवधरांच्या नावाने १९७३ पासून स्पर्धा झाली. भारतीय क्रिकेट मंडळाने बाळूंच्या नावाने कुठली स्पर्धा ठेवली नाही. २००२ साली रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात पालवणकर बंधूंवर भरपूर पानं खर्ची घातली, तेव्हा कुठे सुशिक्षितांना हे नाव नव्याने कळलं. मराठी घरातला माणूस, भावाचं मराठी पुस्तक उपलब्ध असताना, आम्हाला इंग्रजीतून कळावा लागला.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. वय ७९. हिंदू म्हणून जन्मले, हिंदू म्हणून गेले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, एकेकाळी त्यांच्या मानपत्राला हात लावणाऱ्या त्या विद्यार्थ्याने नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि डिसेंबरात तेही गेले.